घरच्या सायनोटाइपसाठी यूव्ही दिवा: काय घ्यायचं, कसं बसवायचं, कसं तपासायचं

जूनमध्ये पाऊस लागला की गच्चीवरचं सायनोटाइप, म्हणजे रसायनाचा लेप लावलेल्या कागदावर उन्हात निळी प्रिंट काढायचं तंत्र, चार महिने बंद पडतं. मग लोक ऑनलाइन ‘यूव्ही लाइट’ शोधतात आणि समोर दिसेल ते मागवतात. घरी येतो तो कधी पार्टीतला जांभळा दिवा, कधी पाणी शुद्ध करायची ट्यूब. पहिल्याने कागदावर काही उमटत नाही. दुसरीनेही उमटत नाही, वर डोळे भाजतात. ए-४ पर्यंतच्या प्रिंट घरात काढायच्या असतील तर दिव्याची निवड नीट समजून घेतलेली बरी.

आधी ऊन

अजून एकही प्रिंट काढली नसेल तर दिवा घेऊच नका. मार्च ते मे या काळात सकाळी साडेअकरा ते दुपारी दोन, महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोकळ्या गच्चीवर साधी सायनोटाइप प्रिंट पाच ते दहा मिनिटांत होते. एवढं यूव्ही देणारा दिवा घरगुती खर्चात बसत नाही. पहिल्या दहा-बारा प्रिंट उन्हात काढा. लेप सारखा बसतोय का, कागद धुताना टिकतो का, ते बघून घ्या. पुढे दिव्याखाली काही बिघडलं तर दोष दिव्याचा की हाताचा, हे त्यामुळे कळतं.

दिवा लागतो तो पावसाळ्यासाठी, रात्री काम करणाऱ्यांसाठी आणि सगळ्यात जास्त डिजिटल निगेटिव्ह (कॉम्प्युटरवरून पारदर्शक फिल्मवर छापलेली) वापरणाऱ्यांसाठी. निगेटिव्हचा कर्व्ह, म्हणजे फिक्या-गडद छटांची जुळणी, एकदा बसवला की तो त्याच उजेडाला लागू असतो. जानेवारीतलं ऊन आणि एप्रिलमधलं ऊन यांत बराच फरक, आणि मध्येच ढग आला तर हिशेबच संपला. दिवा उन्हापेक्षा मंद असला तरी चालेल, पण आज जेवढा तेवढाच उद्या हवा.

वॅट नंतर, नॅनोमीटर आधी

जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधलेलं हे तंत्र आजही जवळजवळ तसंच आहे: हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड. उजेड पडला की फेरिक लोहाचं फेरस होतं आणि त्यातून प्रशियन निळा तयार होतो. पण कुठलाही उजेड हे काम करत नाही. डोळ्याला दिसणारा उजेड साधारण ४०० नॅनोमीटरपासून पुढे असतो, त्याच्या खाली अतिनील, म्हणजेच यूव्ही. अतिनीलचे तीन पट्टे: ३१५ ते ४०० यूव्हीए, २८० ते ३१५ यूव्हीबी, २८० च्या खाली यूव्हीसी. आपल्याला हवा तो यूव्हीए, आणि त्यातही ३५० ते ४०० मधला. सायनोटाइपचा लेप ३६५ च्या आसपास जोरात चालतो. ४०० ओलांडलं की झपाट्याने मंदावतो, आणि निळ्या उजेडाच्या पुढे जवळपास थांबतो. म्हणूनच घरातल्या मंद पिवळट बल्बखाली कागदाला लेप लावता येतो.

व्हॅन डाइक ब्राउन, कॅलिटाइप, प्लॅटिनम-पॅलेडियम ही सगळी लोहक्षारांवरचीच तंत्रं, त्यामुळे सायनोटाइपला जमलेला दिवा त्यांनाही जमतो, फक्त वेळा बदलतात. माइक वेअर यांच्या नव्या सायनोटाइप कृतीत फेरिक अमोनियम ऑक्झलेट असतं. ती साध्या कृतीपेक्षा लवकर उमटते, म्हणून तिची वेळ वेगळी काढायची. गम बायक्रोमेटचा लेप निळ्या उजेडापर्यंत संवेदनशील असतो, त्यामुळे त्याला ३९५ ते ४०५ चा स्वस्त एलईडीही चालतो. मात्र त्या लेपातलं डायक्रोमेट कर्करोगकारक आहे, स्वयंपाकघरात त्याची बाटली उघडू नये. हळद, पालक, बीट यांच्या रसावरच्या अँथोटाइपसाठी दिवा शोधत बसू नका. तिथे वनस्पतीचा रंग उडवायचा असतो, त्याला दिसणारा उजेडही लागतो आणि वेळ तासांत, कधी दिवसांत मोजावी लागते. ते काम उन्हाचंच.

जाता जाता: ‘ब्लू प्रिंट’ हा शब्द सायनोटाइपवरूनच आला. आर्किटेक्टच्या ऑफिसांतली अमोनिया प्रिंट त्यानंतरची. तिचं रसायन डायझोचं, पण यूव्ही तिलाही लागायचं. अशा जुन्या मशीनमधला मर्क्युरी दिवा भंगारात मिळाला तर मोह होतो. घरात तो नको. पूर्ण उजळायला पाच मिनिटं घेतो, विझवला तर गार झाल्याशिवाय पुन्हा लागत नाही, आणि बंद खोलीत भट्टीसारखा तापतो.

दुकानात काय मागायचं

पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लोहार चाळ, इतर शहरांत इलेक्ट्रिकचं मोठं दुकान. तिथे ‘सायनोटाइपची ट्यूब’ म्हटलं तर कोणाला कळणार नाही. ‘इन्सेक्ट किलरची ट्यूब’ मागा. हॉटेल, बेकरी, मिठाईच्या दुकानात माश्या मारायच्या मशीनमध्ये जी निळसर ट्यूब असते तीच आपल्या कामाची. तिचा जोर ३६५ ते ३७० नॅनोमीटरच्या आसपास असतो, कारण माश्यांना तोच उजेड खेचतो. १५ वॅटची दीड फुटी आणि १८ किंवा २० वॅटची दोन फुटी सहज मिळते.

ट्यूबच्या टोकावरची छपाई वाचा. ‘बीएल’ म्हणजे पांढऱ्या काचेची, लागल्यावर फिकट निळी दिसणारी. ‘बीएलबी’ म्हणजे काळपट जांभळ्या काचेची, जी दिसणारा उजेड गाळून टाकते. दोन्ही चालतात. पण बीएलबी महाग असते आणि तिच्या त्या गाळणीचा आपल्याला काहीच उपयोग नाही, म्हणून बीएल घ्या. फिलिप्सच्या ट्यूबवर वॅटच्या पुढे ‘/१०’ असेल तर ती बीएल, ‘/०८’ किंवा ‘/१०८’ म्हणजे बीएलबी. ‘/०३’ वाली ४२० नॅनोमीटरची असते, सायनोटाइपला ती फार मंद पडते.

आता जे घ्यायचं नाही ते.

वॉटर प्युरिफायरच्या सुट्या भागांत मिळणारी ‘यूव्ही ट्यूब’ ही २५४ नॅनोमीटरची, यूव्हीसी. २०२० मध्ये घरोघर आलेल्या सॅनिटायझर पेट्यांतही हीच असायची. ओळखायला सोपी: काच पाण्यासारखी स्वच्छ, आरपार दिसते, टोकाला आतली तार दिसते. बीएल ट्यूबची काच आतून पांढऱ्या भुकटीने माखलेली असते. यूव्हीसीने काही मिनिटांत डोळ्यांना इजा होते आणि त्रास रात्री सुरू होतो, डोळ्यांत वाळू गेल्यासारखा. शिवाय साध्या काचेतून २५४ जातच नाही, म्हणजे फ्रेमखालच्या (निगेटिव्ह आणि कागद दाबून धरणाऱ्या काचेच्या चौकटीखालच्या) कागदाला त्यातलं काही मिळत नाही. ‘/०१’ ची ट्यूब त्वचारोगाच्या उपचारातली, ३११ नॅनोमीटरची. तीही नको.

जांभळा रंग दिलेला ‘ब्लॅक लाइट’ बल्ब म्हणजे साधा पिवळा बल्ब रंगीत काचेत, त्यात कामाचं यूव्ही नसल्यात जमा. झाडांसाठीचा गुलाबी-जांभळा ग्रो लाइट लाल आणि निळ्या एलईडीचा असतो. जांभळं दिसतं म्हणजे यूव्ही आहे, हा गैरसमज सगळ्यात जास्त पैसे घालवतो. माश्या मारायचं अख्खं मशीन उघडून वापरायचा विचारही सोडा: आतल्या जाळीत हजारांच्या घरात व्होल्टेज असतं. फक्त ट्यूब घ्या.

नेल पॉलिश वाळवायचा दिवा पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटला शिकण्यापुरता चालतो. ९ वॅटच्या चार यू-आकाराच्या ट्यूबवाला जुना प्रकार बरा. नव्या एलईडी दिव्यात टिपके टिपके उमटतात, आणि दोन मिनिटांनी बंद होणारा टायमर तेवढा वैताग देतो.

सहा ट्यूबची पेटी

ए-४ साठी आमची पहिली पसंती हीच. सुटे भाग साधे, उजेड सारखा, बिघडली तर कोणताही वायरमन दुरुस्त करतो.

लागणारं सामान: दोन फुटी १८ वॅटच्या बीएल टी-८ (इंचभर जाडीच्या) ट्यूब ६, ट्यूबचे होल्डर १२, दोन ट्यूबवाले २×१८ वॅटचे इलेक्ट्रॉनिक चोक ३, १२ मिमी प्लाय, पातळ अॅल्युमिनियमचा पत्रा, ४ इंची पॅनल फॅन १, १ चौरस मिमीची वायर, थ्री-पिन प्लग, २ अँपिअरचा फ्यूज. सगळं मिळून भार १२० वॅटच्या आसपास, म्हणजे अर्धा अँपिअर. साध्या सॉकेटवर निभतो.

इथे एक सापळा आहे. बाजारात आता मिळणाऱ्या ट्यूबच्या पट्ट्या बहुतेक एलईडीच्या असतात आणि त्यांत चोक नसतो, २३० व्होल्ट थेट ट्यूबला जातात. अशा पट्टीत बीएल ट्यूब लागणार नाही, किंवा तिचं नुकसान होईल. चोकवाली जुनी पट्टी मिळाली तर उत्तम, नाहीतर चोक आणि होल्डर सुटे घ्या.

१. पेटी आतून ६६ सेंमी लांब, ३२ सेंमी रुंद करा. तळ नको. पेटी टेबलावर उपडी राहील आणि पुढच्या बाजूच्या ५ सेंमी उंच फटीतून फ्रेम आत सरकेल. फटीवर काळ्या कापडाचा पडदा लावा.

२. होल्डर अशा अंतराने बसवा की दोन ट्यूबच्या मध्यरेषांमध्ये ५ सेंमी राहतील. सहा ट्यूब मिळून मध्यरेषेपासून मध्यरेषेपर्यंत २५ सेंमी होतात.

३. ट्यूबच्या मध्यापासून कागदापर्यंत ८ सेंमी ठेवा. नियम असा: हे अंतर दोन ट्यूबमधल्या अंतरापेक्षा कमी नको. ट्यूब ५ सेंमीवर आणि कागद ३ सेंमीवर असेल तर प्रिंटवर फिकट-गडद पट्टे उमटतात. लांब नेलं तर पट्टे जातात, वेळ वाढते. ट्यूबचा हा गठ्ठा जवळून एकसंध पृष्ठभागासारखा वागतो, म्हणून ८ चे १० सेंमी केले तरी वेळ फार वाढत नाही.

४. आतून पांढरा रंग देऊ नका. हे विचित्र वाटतं, पण पांढऱ्या रंगातलं टायटॅनियम डायऑक्साइड ४०० नॅनोमीटरच्या खालचा उजेड शोषून घेतं. डोळ्याला लख्ख दिसणारी ती भिंत यूव्हीसाठी काळी असते. छताला आणि चारही बाजूंना अॅल्युमिनियमचा पत्रा लावा. किचन फॉइलही चालते, फक्त ताणून चिकटवा आणि होल्डरपासून दोन बोटं लांब ठेवा. फॉइलचा सुटलेला कोपरा होल्डरला टेकला की शॉर्ट.

५. चोक पेटीच्या बाहेर, वरच्या फळीवर बसवा. आत ठेवले तर उष्णता वाढते. पत्र्याला अर्थिंग जोडा. हे ऐच्छिक नाही.

६. फॅन एका टोकाला, हवा बाहेर फेकणारा. समोरच्या टोकाला दोन-तीन भोकं. टी-८ ट्यूब साधारण २५ अंशांच्या हवेत सर्वाधिक उजेड देते, आतली हवा तापली की उजेड उतरतो. मे महिन्यात याचा फरक दिसतो.

या पेटीत मधला २४ × ४५ सेंमीचा भाग वापरा. ए-४ चा आखूड काठ ट्यूबना आडवा ठेवा. ट्यूबच्या दोन्ही टोकांचे पाच-सहा सेंमी मंदच असतात. ए-३ हवं असेल तर आठ ट्यूब लावा आणि रुंदी त्या मानाने वाढवा.

ट्यूब लागल्याबरोबर पूर्ण उजेड देत नाही. आधी पाच मिनिटं पेटी चालू ठेवा, मग क्षणभर बंद करून फ्रेम सरकवा आणि लगेच पुन्हा लावा. पहिली प्रिंट फिकी आणि पुढच्या दोन बरोबर, असं होत असेल तर बहुधा हेच कारण.

एलईडी घ्यायचा असेल तर

दोन प्रकार: ५० किंवा १०० वॅटचा फ्लडलाइट, आणि १२ व्होल्टची पट्टी. दोन्हींच्या जाहिरातीत ‘३६५ ते ४०० नॅनोमीटर’ असं मोघम लिहिलेलं असतं. स्वस्त माल जवळजवळ नेहमी ३९५ च्या वरचा निघतो, कारण ३६५ ची चिप महाग पडते. घरी आल्यावर एक ढोबळ परीक्षा: पांढऱ्या भिंतीवर डोळ्याला भगभगीत जांभळा दिसला तर ३९५ किंवा पुढचा. ३६५ वाला त्या मानाने मंद, धुरकट निळसर-पांढरा दिसतो. दिव्याकडे सरळ बघायचं नाही, भिंतीकडे बघायचं. ३९५ ते ४०५ ने सायनोटाइप होत नाही असं नाही, वेळ बरीच जास्त लागते. विकत घेताना एकच आकडा लिहून देणारा विक्रेता निवडा.

फ्लडलाइटची खरी अडचण असमान उजेड. एका ठिकाणाहून येणारा उजेड कडेला दोन कारणांनी उतरतो: अंतर वाढतं आणि किरण तिरपे निघून तिरपेच पडतात. ए-४ चा कोपरा मध्यापासून १८ सेंमी लांब. दिवा ३० सेंमी उंचावर असेल तर कोपऱ्यात मध्याच्या सुमारे ५३ टक्के उजेड पोचतो, म्हणजे जवळजवळ एक स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). ६० सेंमीवर नेला तर ८४ टक्के. पण उंची दुप्पट म्हणजे वेळ चौपट. ५० वॅटचे दोन दिवे ए-४ च्या दोन टोकांवर ४५ सेंमी उंचीला लावले तर हा प्रश्न बराच सुटतो. भोवती पत्र्याचा आडोसा केला तर आणखी.

पट्टीचं गणित सोपं आहे. मीटरला ६० एलईडी असलेली ५ मीटरची पट्टी घ्या. ती दर तीन एलईडीनंतर, म्हणजे ५ सेंमीवर, कापता येते. ४० सेंमीचे १२ तुकडे करून ३० × ४० सेंमीच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर अडीच सेंमी अंतराने चिकटवा. ५०५० प्रकारची पट्टी मीटरला १४.४ वॅट घेते, सगळी मिळून ७० वॅट. त्यासाठी १२ व्होल्ट १० अँपिअरचा पॉवर सप्लाय घ्या, ६ वाला ताणला जातो. बाराही तुकडे समांतर जोडा, प्रत्येकाला प्लस-मायनस वेगळं. शेपटीला शेपटी जोडत नेलं तर शेवटचा तुकडा मंद पडतो आणि प्रिंटची एक बाजू फिकी येते. कागद ८ ते १० सेंमीवर ठेवा. पट्टीमागचा गोंद उष्णतेने सुटतो, म्हणून टोकांना क्लिप लावा. पत्र्याऐवजी प्लायवर लावली तर उष्णता जायला जागा नाही आणि एलईडी लवकर म्हातारे होतात.

एलईडीचे फायदे खरे आहेत: लावल्या क्षणी पूर्ण उजेड, पारा नाही, फुटत नाही. पण ट्यूबखाली बसवलेली निगेटिव्ह एलईडीखाली तशीच्या तशी चालत नाही. इंकजेटची शाई डोळ्याला कितीही काळी दिसो, ३६५ ला ती किती अडवते आणि ४०० ला किती, हे वेगवेगळं असतं. दिवा बदलला की कर्व्ह नव्याने.

काच

फ्रेमसाठी काचवाल्याकडे ‘साधी ५ मिमी, कडा घासून’ एवढंच सांगा. दोन थरांची लॅमिनेटेड काच नको. तिच्या मधला प्लास्टिकचा थर यूव्ही अडवतो, गाडीची पुढची काच तशीच असते. फोटो फ्रेमिंगवाल्यांची ‘यूव्ही प्रोटेक्शन’ काच नको. पॉलिकार्बोनेट शीट तर अजिबात नको, आपल्याला हवं तेच ती गाळते. सायनोटाइप उमटतच नाही अशी तक्रार असेल तर दिव्याआधी काच तपासा: लेपाच्या एका तुकड्यावर अर्ध्या भागात काच ठेवून प्रकाश द्या. दोन्ही अर्धे जवळपास सारखे आले पाहिजेत.

उजेड सारखा आहे का

डोळ्याने कळत नाही. लेप लावलेल्या कागदाचे दोन बोटं रुंदीचे नऊ तुकडे कापा, मागे पेन्सिलने १ ते ९ आकडे घाला आणि छपाईच्या जागेत तीन-तीनच्या तीन ओळींत ठेवा. निगेटिव्ह नको. नेहमीच्या वेळेच्या चौथाई वेळ द्या. पूर्ण वेळ दिली तर सगळे गडद होतील आणि फरक लपेल. धुवून, वाळवून शेजारी शेजारी मांडा. १, ३, ७, ९ फिके असतील तर कागद आणि दिवा यांतलं अंतर वाढवा किंवा छपाईची जागा लहान धरा. एकच तुकडा फिका असेल तर त्याच्या वरची ट्यूब थकली आहे.

वेळ काढणं

लेप वाळलेल्या कागदाच्या पट्टीवर तुमच्या निगेटिव्हची कोरी, न छापलेली फिल्म ठेवा. कोरी फिल्मसुद्धा थोडा उजेड खाते, म्हणून ती हवीच. झाकायला काळा पुठ्ठा हाताशी ठेवा. आधी सगळी पट्टी २ मिनिटं उघडी ठेवा. मग पहिला पाचवा भाग झाकून आणखी २ मिनिटं, दुसरा झाकून ४, तिसरा झाकून ८, चौथा झाकून १६. म्हणजे पाच भागांना २, ४, ८, १६, ३२ मिनिटं मिळाली. धुवा, पूर्ण वाळू द्या. ओला निळा आणि दुसऱ्या दिवशीचा निळा यांत बराच फरक असतो. घाई असेल तर शेवटच्या पाण्यात लिटरला चमचाभर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड टाका, रंग लगेच पक्का दिसतो.

आता डावीकडून बघा. जिथे लागोपाठचे दोन भाग सारखेच गडद दिसतात, त्यांतला पहिला म्हणजे तुमची वेळ. १६ आणि ३२ सारखे, पण ८ फिका, तर १६ मिनिटं. ३२ सुद्धा १६ पेक्षा ठळक गडद असेल तर दिवा कमी पडतो आहे किंवा लांब आहे. वर सांगितलेल्या पेटीत साध्या सायनोटाइपला १० ते २० मिनिटांच्या दरम्यान आकडा यायला हवा. ३९५ च्या पट्टीखाली अर्धा तास लागला तर दचकू नका.

स्टाउफर कंपनीची २१ पायऱ्यांची पट्टी (पायरीपायरीने गडद होत जाणारी तयार फिल्म) असेल तर काम आणखी सोपं. तिच्यात दर पायरीला अर्धा स्टॉप फरक असतो. पहिल्या तीन पायऱ्या एकसारख्या गडद आल्या तर वेळ एक स्टॉप जास्त झाली, निम्मी करा.

काम चालू असताना कागदाकडे बघायची सवय लावा. लेप आधी पिवळसर हिरवा, मग निळसर, मग गडद भागांत करडा आणि शेवटी किंचित चंदेरी-तांबूस झाक येते. ती झाक आली की सावल्या भरल्या. सगळा कागदच करडा झाला तर प्रकाश जास्त झाला किंवा निगेटिव्ह पातळ आहे.

बिघडतं तेव्हा

धुताना निळा रंग पाण्यात वाहून जातो: वेळ कमी. पण आधी पाणीही बघा. बोअरचं जड, अल्कधर्मी पाणी प्रशियन निळा खातं, आणि दोष मात्र दिव्याच्या माथी येतो. पहिल्या पाण्यात लिटरला अर्धा चमचा सायट्रिक अॅसिड घालून एक पट्टी धुवून पाहा.

उजळ भागही निळसर राहतो: निगेटिव्हची शाई यूव्ही अडवत नाही, किंवा लेप लावलेला कागद फार दिवस ठेवलेला होता. पावसाळ्यात तो एका रात्रीतही खराब होतो.

रेषा धूसर: निगेटिव्ह कागदाला घट्ट टेकलेली नाही. उन्हात हे लपतं, कारण किरण एकाच दिशेने येतात. ट्यूबच्या पेटीत उजेड सगळीकडून येतो आणि केसभर फटही दिसते. फ्रेमच्या मागे ५ मिमीचा फोम आणि चारही बाजूंना क्लिपा.

काचेच्या आतून बाष्प, निगेटिव्हला डाग: कागद आतून ओला होता, दिव्याच्या उष्णतेने ओल बाहेर आली. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात आणि मुंबईत हे हमखास. लेपानंतर हेअर ड्रायरने थंड हवा मागून-पुढून द्या, आणि निगेटिव्हच्या खाली अगदी पातळ पारदर्शक पॉलिएस्टर फिल्म घाला.

महिन्यापूर्वीची वेळ आता पुरत नाही: जुना वायंडिंगचा चोक असेल तर व्होल्टेज उतरल्याने असं होतं. इलेक्ट्रॉनिक चोक बराच स्थिर असतो. तो असूनही फरक पडला तर ट्यूब म्हाताऱ्या झाल्या. डोळ्याला त्या तितक्याच उजळ दिसतात, यूव्ही मात्र उतरलेलं असतं. पेटीवर कागद चिकटवून चालू तासांची नोंद ठेवा, दर तीन महिन्यांनी तीच पाच भागांची पट्टी काढून जुन्या पट्टीशेजारी धरा. बदलताना सहाही ट्यूब एकदम बदला. एकच नवी लावली तर तिच्या खाली गडद पट्टा उमटतो.

डोळे, वीज, पारा

बीएल ट्यूब भगभगीत वाटत नाही, म्हणून तिच्याकडे बघत बसावंसं वाटतं. डोळे मिटत नाहीत, बाहुली आवळत नाही, आणि यूव्ही आत जात राहतं. पेटी उघडायच्या आधी बंद करा. फटीजवळ दार केलं असेल तर दारावर मायक्रोस्विच बसवा, दार उघडलं की वीज तुटली पाहिजे. पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा सेफ्टी गॉगल ३६५ ला पुरतो. ३९५ ते ४०५ त्यातून बरंच आरपार जातं, तिथे पिवळ्या काचेचा गॉगल लागतो. हात रोज तासन्‌तास उजेडात जाऊ देऊ नका.

धुण्याची जागा पेटीपासून हात पोचणार नाही इतकी लांब ठेवा. ओल्या हाताने स्विच लावायची सवय अशा कामात फार लवकर लागते. घराच्या बोर्डात ईएलसीबी (वीज गळली की ती तोडणारा स्विच) नसेल तर हे काम सुरू करण्याआधी बसवून घ्या.

ट्यूब फुटली तर त्यात थोडा पारा असतो. पंखा बंद करा, खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा आणि पंधरा मिनिटं खोलीत जाऊ नका. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर फिरवू नका, त्याने पारा पसरतो. हातमोजे घालून मोठे तुकडे उचला, बारीक कण ओल्या टिश्यूने किंवा चिकटपट्टीने टिपा, सगळं झाकणाच्या बरणीत बंद करून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. जळालेल्या, न फुटलेल्या ट्यूबही तिथेच जातात, घंटागाडीत नाही.